एकाच घरातली दोन पोरं, एक खादाड एक चिमणी: सतत खा खा करणाऱ्या मुलाचं घरी नेमकं काय करायचं

आमच्याकडे दोन मुलं. मोठी नऊ वर्षांची, तिला दीड पोळी संपवायला पाऊण तास लागतो आणि त्यात तीन वेळा पाणी आणि एकदा शू. धाकटा सहाचा, त्याचं ताट वाढून मी गॅसकडे वळते तोवर मागून आवाज येतो, "आई, अजून." कुकर एकच, भाजी एकच, वाढणारी बाईही तीच. तरी मोठीचं वजन भरत नाही ते माझ्यामुळे आणि धाकट्याचं भरतंय जास्त तेही माझ्यामुळेच, असं दोन्ही बाजूंनी ऐकून झालंय. सासूबाई म्हणायच्या "तो गुटगुटीत आहे, नजर लावू नका", माझी आई म्हणायची "तू त्याला हात सैल ठेवून वाढतेस", आणि लग्नाकार्यात कुणीतरी काका हमखास "काय रे पहिलवान" करून गालगुच्चा घेणार.

मी डॉक्टर नाही. पण दीडेक वर्ष हे प्रकरण निस्तरताना बरंच वाचलं, बालरोगतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञ मॅडमकडे चकरा मारल्या, काही गोष्टी साफ चुकल्या, काही जमल्या. ज्यांच्या घरी असंच चालू आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहितेय, मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आधी हे डोक्यातून काढा की पोरगं मुद्दाम करतंय

इंग्लंड आणि वेल्समधे 2007 साली जन्मलेल्या जुळ्या मुलांचा एक मोठा अभ्यास आहे, जेमिनी नावाचा, साधारण 2400 कुटुंबं. जुळेच का, तर एकसारखी दिसणारी जुळी म्हणजे जनुकं तीच, आणि साधी जुळी म्हणजे नुसती भावंडं, फक्त एकत्र जन्मलेली. दोन्हीकडे घर एक, आई एक, वेळ एक. मग एकसारख्या जुळ्यांची भूक जर साध्या जुळ्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळत असेल तर तो भाग जनुकांचा. त्यांनी पहिल्या तीन महिन्यांतलं बघितलं, म्हणजे नुसतं दूध पिणारी बाळं, ज्यांना अजून ना टीव्ही माहीत ना वेफर्स. त्यातही सावकाश पिण्यातला फरक 84 टक्के जनुकांमुळे, पोट भरल्यावर तोंड फिरवण्यातला फरक 72 टक्के, आणि दूध दिसलं की तुटून पडण्यातला 59 टक्के निघाला. माझी मोठी तान्ही असताना पाच मिनिटं पिऊन झोपून जायची आणि धाकटा बाटली रिकामी झाली तरी बूच चावत बसायचा, ते आठवून मला हे वाचताना अक्षरशः हसू आलं.

आता 72 टक्के म्हणजे तुमच्या मुलाच्या भुकेतले 72 टक्के आईबापाने दिले असं नाही हं. मुलामुलांमधे जो फरक दिसतो त्यातला तेवढा वाटा जनुकांचा, एवढाच अर्थ. आणि ते एकच एक 'लठ्ठपणाचं जनुक' वगैरे नसतं, शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध जनुक एफटीओ नावाचं, त्याचा वजनाशी संबंध 2007 मधे सापडला, त्याच्या एका प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्या मोठ्या माणसांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त. तीनच. आणि पुढे मुलांवर बघितलं तर त्या मुलांना पोट भरल्याचा सिग्नल जरा ढिला जातो असं दिसलं.

मग सगळं नशिबावर सोडायचं का? तर इथेच खरी गंमत आहे. त्याच जेमिनीतली मुलं चार वर्षांची झाल्यावर त्यांच्या घरांकडे बघितलं, घरात खायला काय असतं, टीव्ही किती, खेळायला मिळतं का वगैरे. ज्या घरात वजन वाढायला पोषक वातावरण होतं तिथे मुलांच्या बीएमआयमधल्या (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्यातल्या) फरकात जनुकांचा वाटा 86 टक्के निघाला, आणि जी घरं त्या मानाने बरी होती तिथे 39 टक्के. बिस्किटांचा डबा ओट्यावर उघडा असेल तर माझ्या मोठीला फरकच पडत नाही, ती एक कुरतडून ठेवून देते. फरक पडतो तो धाकट्याला. म्हणजे मला त्याला नाही बदलायचंय, मला ओटा बदलायचाय. हे कळायला मला वर्ष लागलं, त्याआधी मी त्यालाच धारेवर धरत होते.

पहिलं काम: वजनकाट्यावर नाही, तक्त्यावर बघा

शेजारच्या मुलाशी तुलना करू नका आणि काट्यावरचा आकडा बघून घाबरू पण नका. उंची वाढायच्या आधी मुलं दोन दोन महिने राक्षसासारखी खातात आणि मग एकदम ताडमाड होतात, ते ओव्हरइटिंग नव्हे. बालरोगतज्ज्ञांकडे ग्रोथ चार्ट असतो. पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचा, आणि 5 ते 18 साठी भारतीय बालरोग अकादमीचा 2015 चा. त्यात मोठ्यांच्या 23 आणि 27 बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा काढलेल्या असतात, पहिलीच्या वर गेलं की वजन जास्त, दुसरीच्या वर की लठ्ठपणा. एक ठिपका बघून काही कळत नाही, मागच्या दोनतीन वर्षांचे ठिपके जोडून घ्या आणि रेषा कुठे चाललीय ते बघा. आमचा ठिपका दीड वर्षात पहिली रेष ओलांडून वर निघाला होता, तेव्हा मी 'बाळसं आहे' म्हणणं बंद केलं.

दुसरं, आपल्याकडची मुलं काट्यावर फसवतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांची तुलना इंग्लंडच्या साउदम्पटनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांत जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू, चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. त्यामुळे 'हातपाय तर काड्या आहेत' यावर विसंबू नका, पोट बघा.

आणि मान बघा. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसतो ना, आपल्याकडे आया बेसन लावून, लिंबू लावून, दगडाने घासतात, "मळ निघत नाही" म्हणतात. तो मळ नसतो बऱ्याचदा. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असू शकते. काखेत पण दिसतो. घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरं काम: सात दिवसांची वही

हे सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात उपयोगी पण. कॅलरी मोजायच्या नाहीत. साधी वही, पाच गोष्टी: किती वाजता, काय, कुठे बसून, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि थांबला कसा (स्वतःहून, संपलं म्हणून, की मी ओरडले म्हणून). मुलाला दिसेल अशी ठेवू नका. सासूबाईंना आणि मदतनीस ताईंना आधी सांगा, नाहीतर त्यांनी दिलेलं त्यात येत नाही आणि वही खोटी होते, आमची पहिली वही अशीच फुकट गेली.

दुसऱ्या वहीत काय दिसलं तर गोंधळ सगळा साडेपाच ते साडेसातमधे होता. सकाळी ठीक, रात्री ठीक, पण संध्याकाळी तो घरात वादळासारखा शिरायचा आणि टोस्ट, फरसाण, केळं, कालची पोळी, जे सापडेल ते. मग डबा नीट बघायला लागले. अर्धा परत. विचारल्यावर म्हणाला, सुट्टी लहान असते आणि खेळायला जायचं असतं. म्हणजे दुपारची थकबाकी तो संध्याकाळी वसूल करत होता, आणि मी तिला हावरटपणा म्हणत होते! डब्यात पोळीभाजीऐवजी पोळीचा रोल दिला, पटकन हातात धरून खाता येईल असा, आणि घरी आल्या आल्या धिरडं नाहीतर उसळ-पोहे असं खरंखुरं खाणं. अर्धी गडबड तिथेच मिटली. जनुकं राहू दे, आधी डबा उघडून बघा.

तिसरं काम: कुठल्या जातीचं खाणं आहे ते ओळखा

याच जुळ्यांच्या अभ्यासामागे असलेल्या जेन वार्डल यांनी 2001 मधे 35 प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली होती मुलांच्या खाण्याच्या सवयींवर, अजून जगभर वापरतात. माझ्या भाषेत सांगायचं तर जास्त खाणाऱ्या मुलांत चार प्रकार दिसतात, आणि एकाच मुलात दोनतीन मिसळलेले असतात.

एक, डोळ्यांची भूक. दिसलं की हवं. जेवून उठलेलं असतं, पण पाहुण्यांसमोर चिवड्याची डिश आली की हात गेलाच. दोन, पोट भरल्याचं उशिरा कळणारे. यांना विचारलं "भरलं का?" तर खरंच विचारात पडतात. तीन, भराभर खाणारे, न चावता. आणि चार, मनाची भूक, म्हणजे कंटाळा आला, रडू आलं, भांडण झालं की खाणं.

पहिले तीन बरेचसे जन्मजात. चौथा नाही. चार वर्षांच्या जुळ्यांवर बघितलं तर भावनेपोटी खाण्यात जनुकांचा हात जवळजवळ दिसतच नाही, फरक पडतो तो घरातल्या वातावरणाने. हे वाचून मला जरा लागलं, कारण इंजेक्शन झालं की चॉकलेट, पडला की बिस्किट, मी ऑफिसच्या कॉलवर आहे आणि तो रडतोय की कुरकुऱ्यांचं पाकीट, हे कुणी शिकवलं? मीच की.

चौथं काम: ज्याचं त्याला औषध

डोळ्यांच्या भुकेला उपदेश चालत नाही, तिला नजरेआड लागतं. पण नजरेआड म्हणजे लपवणं नव्हे, यावर पुढे बोलते. आम्ही काय केलं, तर फरसाण, खारी, वेफर्स महिन्याच्या वाण्याच्या यादीतूनच काढले. घरात नाहीच तर 'नको' म्हणायची वेळच येत नाही. हवं तेव्हा एक छोटं पाकीट आणायचं, सगळ्यांनी मिळून खायचं, संपलं. ओट्यावर केळी, पेरू, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे. आणि भांडी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवणं बंद, ताटं ओट्यावर वाढून आणायची, फक्त कोशिंबीर आणि भाजी मधे. लहान ताटली घेतली. याला पण आधार आहे, 2000 साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता, तीन वर्षांची मुलं पुढ्यात कितीही वाढलं तरी साधारण तेवढंच खायची, पाच वर्षांची मात्र वाढप मोठं तसं जास्त खायची. म्हणजे पोट ऐकायचं सोडून ताट बघायला मूल याच वयात शिकतं. "ताटात टाकायचं नाही" हे आपलं वाक्य त्यात भर घालतं. अन्न वाया घालवू नये हे मलाही मान्य आहे, मग कमी वाढा ना! थोडं वाढा, हवं तर परत घ्या. उरलं तर झाकून ठेवा, सकाळी फोडणीचा भात करा.

पोट उशिरा कळणाऱ्यांना आणि भराभर खाणाऱ्यांना वेळ मिळवून द्यायचा असतो, कारण पोटातून मेंदूपर्यंत निरोप जायला पंधरावीस मिनिटं लागतात. मी एकदा मोबाईलवर वेळ लावली होती, याचं जेवण सहा मिनिटांत संपलं होतं. निरोप निघालाच नव्हता अजून. तर उपाय: भूक कडकडून असते तेव्हा सगळ्यात आधी काकडी, गाजर, कोशिंबीर, सूप काहीही द्या, मग पोळी. पोळी चतकोर चतकोर वाढा. चावावं लागेल असं खाणं, भाकरी, मोडाची उसळ, ज्यूसऐवजी फळ, भातावर वरणाचा पूर न आणता जरा घट्ट. टीव्ही बंद, मोबाईल बंद, हे वेगळं सांगायला नको पण सांगते, कारण कार्टून लावून भरवलं की घास आत जातो आणि मुलाला पत्ता नसतो. दुसऱ्यांदा मागितलं तर 'नाही' म्हणू नका. "हो, देते, दहा मिनिटं गप्पा मारू मग घे." निम्म्या वेळा तो दहा मिनिटांत उठून खेळायला जातो. उरलेल्या निम्म्या वेळा खरंच भूक असते, मग वाढायचं, तोंड वाकडं न करता.

मनाच्या भुकेला तर खाण्यातलं उत्तरच नाही. रडतोय तर आधी जवळ घ्या. कंटाळलाय तर खाली पाठवा. आमच्याकडे मी एक सवय लावली, किचनमधे येऊन उभा राहिला की विचारायचं, "पोटात भूक आहे की तोंडात?" सुरुवातीला तो दर वेळी "पोटात" म्हणायचा अर्थातच. मग विचारायचं, "वरणभात चालेल?" पोटातली भूक असेल तर चालतो. तोंडातली असेल तर "नको, चॉकोस हवेत" येतं. आता तो स्वतःच म्हणतो, "आई, तोंडातली आहे, पण जरा जास्तच आहे."

बक्षीस म्हणून खाऊ द्यायचा बंद करा. भाजी संपव मग आइस्क्रीम, असं म्हटलं की भाजी शिक्षा ठरते आणि आइस्क्रीम सोन्याचं.

माझी मोठी चूक: माळ्यावरचा डबा

सुरुवातीला घाबरून मी सगळं बंद केलं होतं. बिस्किटांचा डबा माळ्यावर, फ्रिजमधल्या चॉकलेटवर माझी नजर, आणि मोठीला मात्र दुधाबरोबर दोन बिस्किटं, कारण तिचं वजन कमी. एके दिवशी पलंगाचा बॉक्स उघडला, थंडीची पांघरुणं काढायला. रजईच्या घडीत सात रॅपर. चुरगळलेली नाहीत, नीट चौकोनी घड्या घालून ठेवलेली, सहा वर्षांच्या हातांनी. मला कसंतरीच झालं. त्याला भूक लागत होती यापेक्षा त्याला लाज वाटत होती हे जास्त लागलं.

लीन बर्च नावाच्या संशोधिका होत्या अमेरिकेत, त्यांनी आणि जेनिफर फिशर यांनी 1999 मधे नेमकं हेच दाखवलं होतं. मुलांसमोर एक खाऊ पारदर्शक डब्यात ठेवला, दिसतोय पण मिळत नाही, आणि तसलाच दुसरा खाऊ मोकळा. ज्याला बंदी, त्याच्याबद्दलच मुलं जास्त बोलायला लागली आणि हात लावू दिल्यावर तोच जास्त खाल्ला. माळ्यावरचा डबा म्हणजे तेच. अर्थात मला रोखावंसं का वाटलं, तर तो मुळातच जास्त खाणारा म्हणून. मूल खादाड म्हणून आई रोखते आणि आई रोखते म्हणून मूल आणखी त्यावर जीव टाकतं, हे चक्र फिरत राहतं.

यावर एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी मला सगळ्यात पटली. काय, कधी आणि कुठे खायचं हे आईबापाने ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलाने. दिवसाला तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, वेळा ठरलेल्या, मधल्या वेळात पाणी. ठरलेल्या वेळा असल्या की मुलाला भरवसा असतो की पाच वाजता मिळणार आहे, मग तीन वाजता साठा करायची गरज वाटत नाही. आणि नियम घरातल्या सगळ्यांना एकच. सडसडीत बहिणीला लाडू आणि याला काकडी असं केलंत तर रजईची घडी तुमच्याही घरात सापडेल.

आजी, आग्रह आणि पंगत

हे सगळ्यात अवघड. आपल्याकडे प्रेम वाढपातूनच दाखवतात, "एवढंसं तर आहे, घे रे" करून चौथी पुरणपोळी पानात पडते. सासूबाईंशी मी भांडले नाही, भांडून काही होत नाही. मी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं. तक्त्यावरची रेष त्यांनी स्वतः बघितली, मानेचा पट्टा डॉक्टरांनी त्यांना दाखवला, आणि घरी येताना रिक्षात त्याच म्हणाल्या की आता मी त्याला खाऊ नको, गोष्ट देते. संध्याकाळी दोघं देवळापर्यंत चालत जातात. लाडू सणाला होतात, तेव्हा मोजत नाही.

आणि नावं ठेवणं बंद. हावरट, जाड्या, पहिलवान, ढोल्या, लाडानेसुद्धा नाही. पाहुण्यांनी म्हटलं तर मी तिथल्या तिथे सांगते, "काका, असं नका म्हणू त्याला." वाईट दिसतं, दिसू दे.

झोप

थोडक्यात: 3 ते 5 वर्षांना 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांना 9 ते 12 तास. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि तीही गोडाची. आमच्याकडे साडेअकरा व्हायचे. आता साडेनऊ, रडतखडत.

डॉक्टर कधी, आणि कसला संशय घ्यायचा

तक्त्यावर दुसरी रेष ओलांडली, मानेवर पट्टा आला, झोपेत जोरात घोरतं किंवा दम लागतो, तर वाट बघू नका. "थायरॉईड असेल" हे सगळे म्हणतात, पण हार्मोनच्या बिघाडाने वजन वाढलेलं मूल सहसा उंचीलाही मागे पडतं. जाड आहे आणि उंचही वाढतंय, तर थायरॉईडची शक्यता कमी. स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर तेही सांगा.

काही मुलांत मात्र एखादं जनुक किंवा गुणसूत्राचा एखादा तुकडाच बिघडलेला असतो आणि तिथे घरचे उपाय पुरत नाहीत. पाच वर्षांच्या आत प्रचंड वजन आणि न शमणारी भूक, म्हणजे कचऱ्यातलं उचलणं, रात्री उठून अन्न शोधणं, हे दिसलं तर थेट बालरोग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर गाठा. तान्हेपणी अगदी लुळं, दूधही ओढता न येणारं बाळ, आणि दोनतीन वर्षांनी एकदम अनावर भूक, तर प्रेडर-विली सिंड्रोम असू शकतो, हजारो जन्मांत एखाद्याला. भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एमसी4आर नावाच्या जनुकातला दोष यापेक्षा जास्त आढळतो. आणि एक लेप्टिनचं, चरबीतून निघणारं हार्मोन जे मेंदूला 'पुरे' सांगतं. 1997 मधे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडं शोधली ज्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच, पुढे लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर त्यांच्या अनावर भुकेला आळा बसला. लेप्टिनचा हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न, आतेभावाशी लग्न असं घराण्यात असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हातापायाला जास्तीचं बोट, रात्री कमी दिसणं, शिकण्यात मागे, हेही सांगायचं.

बाकीच्यांना, म्हणजे बहुतेकांना, वजन 'उतरवायचं' नसतंच. लहान मूल आहे, उंची वाढतेय, वजन आहे तिथे जरा टिकलं तरी तक्त्यावरची रेष आपोआप खाली वळते. डाएट चार्ट नेटवरून काढून मुलाला लावू नका प्लीज.

शाळेबद्दल एक सांगते. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या नियमानुसार जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमधे आणि गेटपासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई आहे. गेटवरची गाडी बघून तुम्हीच ठरवा. पालकसभेत नियमाचं नाव घेऊन विचारा, आम्ही चौघी जणींनी मिळून विचारलं, तेव्हा निदान वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पेन्सिल द्यायचं ठरलं.

वही तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवस लिहा. आमची परवाच झाली. जेवण सहा मिनिटांवरून चौदावर आलंय. ठिपका पहिल्या रेषेच्या वरच आहे अजून, पण चढायचा थांबलाय. बिस्किटांचा डबा माळ्यावरून खाली आला, आता खालच्या कप्प्यात असतो, त्याला माहीत आहे कुठे आहे ते. गेल्या आठवड्यात पलंगाचा बॉक्स उघडला होता, रजईत एक मोजा सापडला.